इवायांच्या पिस्तुलाचे छर्रे

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर चहा सांडेल. स्वतःच्या अब्रूचा मी स्वतःच्या हाताने कसा भुगा केला, त्याची ही हकीकत. बायको घरात नाहीये म्हणून मी सांगतोय. नाहीतर तिनेच सांगितली असती, आणि तिला ती माझ्यापेक्षा चांगली येते!

आमच्या केतकीचं लग्न देवळ्याच्या मुलाशी ठरलं. मुलाचे वडील, म्हणजे आमचे व्याही, तिकडच्या बोलीत इवाई, फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले, आता कांदा करतात. माणूस सरळ, नाद एकच. हवेच्या पिस्तुलाने नेम मारायचा. छर्रेवालं पिस्तूल हो, परवाना लागत नाही तसलं. पण आत गॅसची कुपी बसवून आठ छर्रे एकदा भरले की नुसता घोडा दाबत राहायचा, आठ बार! नाशिकच्या ज्येष्ठांच्या स्पर्धेत त्यांनी नाव दिलेलं, आणि पिस्तुलाला पोटच्या पोरासारखं जपायचे.

सुपारी फुटली त्या दिवशी पोहे खाता खाता सुभेदार म्हणाले, "छर्रे काय धड मिळत नाय हो आता. एक बारीक, एक जाडा. नेम बसायचा कसा?"

आता मला गप्प बसायला काय झालं होतं? पण नाही!

"विकतचे कशाला आणता? मी घरी ओतून देतो! उभा जन्म ओझरच्या कारखान्यात गेला माझा. विमानं बनवली आम्ही, छर्रा म्हणजे किस झाड की पत्ती!"

सुभेदारांनी उठून माझा हात हातात घेतला. "लय मोठा माणूस भेटला बुवा इवाई!"

आत बायकोने बशी आपटली. का आपटली? कारण मी कारखान्यात होतो हे खरं, पण स्टोअरमध्ये! तीस वर्षं खिडकीमागे बसून हातमोजे आणि साबणाच्या वड्या वाटल्या. सही घेतल्याशिवाय साहेबालाही वडी दिली नाही, एवढाच काय तो माझा पराक्रम. विमान मी बघितलंय ते डबा खाताना, डोक्यावरून जाताना. तेवढं तुम्हीही बघितलंय.

"खरं सांगून टाका त्यांना," बायको म्हणाली.

"आणि पोरीचं लग्न मोडू?"

"साबण वाटला म्हणून लग्न मोडत नाही. थापा मारल्या की मोडतं."

पण बायकोचं ऐकेल तो नवरा कसला!

टायरवाल्याकडून चाकाला ठोकतात ती जुनी शिशाची वजनं आणली. गॅलरीत शेगडी मांडली. शिसं वितळवायला घेतली फोडणीची पळी. साचा म्हणून प्लास्टर कालवून त्यात विकतचे छर्रे दाबून काढले, आणि प्लास्टर नीट वाळायच्या आत ओतलं की हो शिसं! मोहरी काय तडतडते? लुंगीला तीन भोकं पडली. खालच्या मजल्यावरच्या काकू ओरडल्या, "अहो, काय जळतंय?"

"इभ्रत!" बायको आतून म्हणाली. "आणि ती पळी आता घरात आणायची नाही!"

चार दिवसांत जे निघालं त्यात काही वाटाणे होते, काही मसूर. कानशीने घासघासून आठ नग जरा माणसात आणले. केतकीच्या कानातल्यांच्या मखमली डबीत घातले आणि रविवारी बायकोला घेऊन देवळ्याला पोचलो.

तिथे सुभेदारांनी सगळी भावकी कांदा साठवायच्या चाळीपुढे गोळा केलेली! समोर दगडावर रिकामा डबा. "हे आमचे इवाई, विमानं बनवायचे!" त्यांनी आठही छर्रे भरले, एक डोळा मिटला, घोडा दाबला.

फुस्स.

डबा जागचा हलला नाही. मुकाट्याने चूक कबूल करावी की नाही? मी म्हणालो, "नवा छर्रा आहे, घट्ट बसतो. परत दाबा!"

फुस्स.

"आणखी एकदा. जोर लावून!"

म्हणजे तीन छर्रे नळीत, एकामागे एक ठाण मांडून बसलेले! सुभेदारांचा चेहरा उतरला. स्पर्धा आठ दिवसांवर होती. त्यांनी पिस्तूल माझ्या हातात दिलं आणि हळूच म्हणाले, "तुमचंच काम हाय, इवाई. खोला अन् काढा."

मी ते उलटं केलं, सुलटं केलं. कुठून उघडतं कुणाला ठाऊक! कोपऱ्यात केतकीच्या होणाऱ्या सासूबाई, शेजारी जावई. आज माझ्या जिभेपायी पोरीचं लग्न जातंय, असंच वाटलं मला.

"सुभेदारसाहेब, माफ करा. मी विमान बनवलं नाही कधी. मी साबण वाटायचो."

तेवढ्यात बायको उठली. पिशवीत जावयाच्या स्वेटरचं विणकाम होतं, त्यातली बारीक सुई तिने उपसली. "उरलेले पाच आधी काढा. गॅसची कुपीही काढा. हं, धरा आता." नळीच्या तोंडातून सुई घालून तिने बेताने दाबली. टप, टप, टप! तिन्ही छर्रे सुभेदारांच्या तळहातावर.

सुभेदार बघतच राहिले. "विहीणबाई, तुम्ही कारखान्यात कुठल्या डिपार्टमेंटला होत्या?"

"ह्यांच्याच. ह्यांनी अडकवायचं, मी सोडवायचं. ह्याला रिटायरमेंट नाही!"

सगळी भावकी हसली. सुभेदार तर इतके हसले की डोळे पुसायला लागले. लग्न झालं, थाटात झालं.

मानपानाच्या वेळी त्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली आणि नारळाच्या जागी हातावर साबणाची वडी ठेवली. "घ्या इवाई!" मांडवात हशा. मी मान खाली घालून वडी घेतली, आणि तीस वर्षांची सवय हो, तोंडातून निघूनच गेलं:

"आधी सही करा."