जवळा बाजारचा छापखाना आणि कोरं ठेवलेलं पान

श्रावणात लोक औंढ्याला दर्शनाला जातात. मी औंढ्याच्या अलीकडे जवळा बाजारला उतरले, एक छापखाना बघायला. घरच्यांनी या बेताला भरपूर नावं ठेवली, पण त्यांना माझी सवय आहे.

मी छत्रपती संभाजीनगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि दोन वर्षांपासून एकाच विषयाने मला झपाटलंय: अमेरिकेतल्या सुरुवातीच्या पुस्तकधंद्यातल्या बायका. तिकडे छापखानेवाला नवरा गेला की पुष्कळदा बायकोच छापखाना सांभाळायची. वर्तमानपत्रं, पंचांगं, सरकारी कागद, सगळं छापायची. पुस्तकाखाली मात्र कधी नवऱ्याचंच नाव, कधी 'अमक्याची विधवा', आणि थोड्याच जणींचं स्वतःचं. लिहिणाऱ्या बायकांचीही तीच तऱ्हा, मुखपृष्ठावर नुसतं 'एका स्त्रीने लिहिलेले'. यावर मला कॉलेजात भाषण द्यायचं होतं आणि शेवटी दाखवायला आपल्याकडचा एखादा फोटो हवा होता. हिंगोलीकडच्या एका सहकाऱ्याने सांगितलं, जवळा बाजारात एक बाई अजून खिळे जुळवून छापते. खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं. मी लगेच रजा टाकली.

परभणीपर्यंत रेल्वे आणि पुढे हिंगोलीकडे जाणारी एस.टी. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे गाडीत आमचंच राज्य होतं. दोन्हीकडे गुडघाभर सोयाबीन आणि कापूस. जवळा बाजारला नेमका आठवडी बाजार होता. तुम्ही जाणार असाल तर तो दिवस साधा, स्टँडसमोर गरम भजी मिळतात आणि पत्ता विचारायला अख्खा तालुका हजर असतो. "प्रेसवाल्या वहिनी काय? त्या खताच्या दुकानामागं बघा," एका बांगडीवाल्या बाईने सांगितलं. तिथे सगळे त्यांना वहिनीच म्हणतात, तेव्हा मीही तेच म्हणू लागले.

पत्र्याची एक खोली, भिंतीला घोडे, म्हणजे खिळ्यांच्या लाकडी खणांच्या मांडण्या, मधोमध पायाने चालवायचं ट्रेडल मशीन. वहिनी पन्नाशीच्या, चष्म्याला सुतळी बांधलेली. आता बहुतेक काम पावतीपुस्तकांवर नंबर घालण्याचं आहे, पण त्या दिवशी चक्क एक पुस्तक चालू होतं. रानभाज्यांचं, बत्तीस पानांचं, लिहिणारी सेनगावकडच्या गोरेगावची एक शेतकरी बाई. तिचं माहेर जवळ्याचं. तिला गावात सगळे मावशी म्हणतात.

"खिळे चार पानांपुरतेच हायत," वहिनी म्हणाल्या. "चार पानं जुळवायची, छापायची, सोडवून खिळे परत खणात टाकायचे. मंग फुडची चार."

"आणि आधीच्या पानात चूक सापडली तर?"

"तर ती ऱ्हायली."

पुस्तक सगळं छापून झालं होतं. राहिलं होतं फक्त पहिलं पान, नावाचं. मी उत्साहाने सांगितलं की जुन्या काळी तिकडे अमेरिकेतही नावाचं पान पुष्कळदा शेवटीच छापत. "मंग आणखी कवा छापतील?" वहिनींनी विचारलं आणि शाईचा डबा उघडला.

त्या पानाचंच त्रांगडं होतं. मावशीने महिन्यापूर्वी नाव घाला म्हणून सांगितलं होतं, आता नको म्हणत होती. कारण फोनवर सांगेना. वहिनींनी दोन प्रुफं काढली, एक नावाचं आणि एक 'एक शेतकरी बाई' असं. मी नावाच्या प्रुफाचा फोटो लगेच घेतला. मग खालची ओळ वाचली. मुद्रक म्हणून वहिनींच्या यजमानांचं नाव होतं. ते जाऊन सात वर्षं झाली आहेत.

माझा प्रश्न तयारच होता. मी विचारला, "छापखाना तुम्ही चालवता, मग नाव त्यांचं काहून?" मुक्कामाच्या भाषेचा हा माझा पहिला प्रयोग. वहिनींनी चौकटीतून ती ओळ अलगद काढून माझ्या तळहातावर ठेवली. दोऱ्याने बांधलेली, बोटभर लांब, अक्षरं झिजलेली.

"ही त्यायनी जुळवलेली हाय. त्यांच्या हातचं बाकी समदं सुटून खणात गेलं. ही एक बांधलेली ऱ्हायली. हरेक कामात हीच लावते."

मला ओशाळल्यासारखं झालं. हा मुद्दा माझ्या भाषणात बसत नव्हता.

भजी खाताना त्यांनीच विषय काढला. "तुमच्या त्या अमेरिकेतल्या बायांनी नाव न्हाई घातलं, त्यांचं पुढं काय झालं?"

"बऱ्याच जणींचं काहीच माहीत नाही."

"व्हय," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही प्रुफं पाकिटात घालून माझ्या हातात दिली. "तुमी हिंगोलीला मुक्काम करून राहिल्या ना? उद्या गोरेगावला जाऊन तिला इचारा. समोर बसून इचारलं तर सांगल."

बघायला आलेली मी टपालवाली होऊन निघाले. हिंगोलीत लॉज सहाशे रुपयांचा, गरम पाणी सकाळी बादलीने. दुसऱ्या दिवशी सेनगावमार्गे गोरेगावची जीप धरली. "बसा ताई, एकच सीट बाकी हाय," असं ड्रायव्हर माझ्यानंतर आणखी पाच जणांना म्हणाला.

मावशी घरीच होती. साठीची, काटक, सातवी शिकलेली. आधी भाकरी आणि कुरडूची भाजी वाढली. कोवळा पाला, ठेचलेला लसूण, वरून भाजलेल्या दाण्यांचं कूट. मी इतकी चांगली पालेभाजी बऱ्याच दिवसांत खाल्ली नव्हती आणि तसं सांगितलंही.

"हे समदं वहीत लिवलं होतं," ती म्हणाली. "हिंगोलीत कॉम्प्युटरवाल्याकडं दिलं, तर तो माझे शब्दच सुधारून राहिला. वहिनी जसं हाय तसं ठेवते."

मी दोन्ही प्रुफं तिच्यापुढे ठेवली. "मग नाव का नको?"

तिने वहिनींनी पाठवलेल्या छापील पानांतलं एकोणिसावं काढून दिलं. तरोट्याच्या, म्हणजे टाकळ्याच्या भाजीची कृती होती आणि तिच्याखाली दोन ओळी: 'लेकरं लहान असताना एका साली आमी दोन महिने हेच खाल्लं. लेकरं चांगली वाढली.'

"धाकटीची सोयरीक जमून राहिली. माणसं मोठी हायत, बागायतदार. पोरीला पोरगा पसंत हाय. रविवारी पाहुणे येणार. ते म्हणतील, गवत खाऊन वाढलेली पोरगी."

पान तर छापून गेलं होतं, खिळे सुटले होते. मी विचारलं, तेवढंच पान वहिनींकडून पुन्हा छापून घेता येणार नाही का?

"येतं. सांगितलं तर वहिनी करून देईल." तिने ते पान माझ्या हातातून परत घेतलं. "पण ते पान काढून पुस्तक कशापायी? लोकायला भाजी कशी करावी ते ठावंच हाय. तीच खाऊन लेकरं वाढतात, हे सांगायचं होतं. नाव जाऊ द्या."

तिने 'एक शेतकरी बाई' लिहिलेलं प्रूफ मला परत दिलं. नावाचं घडी करून पेटीत ठेवलं. "तुमी बी लिवू नका माझं नाव." मी तिच्यासमोर मोबाइलमधला फोटो पुसला. भाषणाचा शेवट त्याच्याबरोबर गेला, आणि खरं सांगते, मला त्याचं वाईट वाटलं.

फोनवर निरोप दिला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "बराबर. पाहुणे येऊन जाईस्तोवर वाटायला पन्नास प्रती बिननावाच्या काढते. बाकीच्यांचं पान कोरं ठेवते. शाईला घाई न्हाई."

भाषण झालं. फोटो नव्हता हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. हा लेख मात्र चार महिने तसाच पडून राहिला. वहिनींचं नाव दिलं असतं तरी मावशी ओळखू आली असती. दोघींचीही नावं न घालता तो छापायचा म्हणजे मी ज्या प्रकाशकांना नावं ठेवत फिरते, त्यांच्याच पंगतीत बसणं होतं. मार्गशीर्षात मावशीच्या धाकटीचं लग्न झालं. परवा मावशीकडून एक पार्सल आलं. त्यात पुस्तक होतं आणि पहिल्या पानावर मावशीचं पूर्ण नाव होतं. मी वहिनींना फोन लावला.

"पाहुण्यांना कळलं?"

"पोरीनंच सासूला पुस्तक दावलं, एकोणिसावं पान उघडून. म्हणली, माझ्या आईनं लिवलंय."

"मग?"

"सासू म्हणली, कुरडूत लसूण लई सांगितलाय."

मी हसले आणि माझे डोळेही भरून आले. पुस्तक उलटून खालची ओळ पाहिली. झिजलेली अक्षरं, यजमानांचं नाव. "आणि तुमचं?" मी विचारलं.

"माझ्यानं ती ओळ सुटत न्हाई, ताई."

"मग मी माझ्या लेखात तुमचं नाव लिहू का?"

पलीकडे मशीनचा आवाज थांबला. "लिवा," त्या म्हणाल्या. "तिथं कोणाची ओळ सोडावी लागत न्हाई ना?"

नाही लागत. तेव्हा या प्रवासाचं श्रेय नीट लिहिते. लेखिका: द्रौपदा काळे, गोरेगाव. मुद्रक: विमल साळवे, जवळा बाजार.