भाईंच्या सोयाबीनचं अनुदान

कनेरगाव नाक्याजवळची वडिलांची जमीन माझ्या नावावर आली तेव्हा मी हिंगोलीत शाळेत शिकवत होते. शेत वडिलांच्या वेळेपासून गावातलेच एक मुसलमान नवरा-बायको, भाई आणि भाभी, बटईनं करत होते, तेच पुढं चालू ठेवलं. बियाणं-खत त्यांचं, राबणं त्यांचं, अर्धा माल माझा. कागद कुठलाच नव्हता.

त्या वर्षी सोयाबीन काढणीला आलं आणि पाऊस थांबेना. शेंगांना झाडावरच कोंब फुटले. भाईंचा फोन आला, "बाई, तलाठी पंचनाम्याला येऊन राहिले. तुमाला यावंच लागतंय. फोटो मालकाचा पायजे म्हणतेत."

मी रजा टाकून गेले. भाई चिखलात उभे होते, हातात काळ्या पडलेल्या शेंगा. तलाठ्यानं मोबाईल वर धरला आणि म्हणाला, "चाचा, तुम्ही जरा बाजूला व्हा." भाई लगेच बांधावर गेले. मी चपला हातात घेऊन त्यांच्या पिकात उभी राहिले. चेहरा कसा ठेवावा तेच कळेना.

दिवाळीनंतर अनुदान माझ्या खात्यात जमा झालं. त्या पिकात माझं साधं बीसुद्धा गेलं नव्हतं. मी सगळी रक्कम काढली आणि त्यांच्या घरी गेले. वाटलं होतं, देऊन टाकलं की हलकं वाटेल.

भाईंनी पैसे दोन्ही हातांनी घेतले. "बाई, एवढं कोण करते? लय मेहरबानी."

"मेहरबानी कसली भाई, तुमचंच आहे ते."

"न्हाई न्हाई. सरकारनं तर तुमालाच देलं ना."

भाभीनं शेजारणींना बोलावून सांगितलं. निघताना माझ्या पिशवीत तुरीच्या ओल्या शेंगा भरल्या. स्वतःच्याच पैशांसाठी ती दोघं माझे उपकार मानत होती, आणि मी हसून ते मानून घेत होते.

रात्री जेवताना नवऱ्याला म्हटलं, "त्यांना बटईचा कागद करून देऊ. निदान पुढच्या वेळी स्वतःच्या नावानं अर्ज तरी करता येईल."

"कूळ लावून घेतेस का? नाव लागलं की जमीन त्यांचीच म्हणून समज."

"भाई तसे नाहीत."

"भाई नसतील. त्यांच्यानंतरचं कोण सांगावं?"

मी खूप भांडले. रागारागात दुसऱ्याच दिवशी वकिलाकडे गेले. त्यानं नीट ऐकून घेतलं, मुदतीचा करार कसा करता येतो ते समजावलं आणि विचारलं, "मग मसुदा करू का?"

खोलीत नवरा नव्हता. अडवणारं कोणीच नव्हतं. तरी मी म्हणाले, "विचार करून सांगते." ती भीती माझीच होती, हे जिना उतरताना कळलं. वकिलाला मी अजून काही कळवलेलं नाही.

यंदाही पेरणी भाईंनीच केली. परवा भाभी दवाखान्याच्या कामानं हिंगोलीला आली, तेव्हा तिला जेवायला थांबवून घेतलं. माझ्या शाळेतली एक मैत्रीण घरी होती. भाभी तिला म्हणाली, "आमच्या बाईसारखी मालकीण कोनाला भेटत न्हाई."

मी मान खाली घालून तिच्या ताटात आणखी भाजी वाढली. "बस बस," ती म्हणत राहिली.