इस्त्री बंद, कार्टून सुरू

वहिनीचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. लाँड्रीतल्या बाकीच्या बायका पाचला यायच्या. वहिनी दीड तास आधी येऊन इस्त्री तापवायची, कारण संध्याकाळी अर्धा तास ती बंद ठेवायची असे. अर्ध्या तासाच्या बदल्यात दीड तास. हा मालकाचा न्याय. मी तिथेच बॉयलरवर होतो, सगळं बघत होतो.

माझा भाऊ लवकर गेला. त्यांची पोरगी शाळा सुटली की लाँड्रीत यायची, आईच्या टेबलाखाली बसून अभ्यास करायची. सहाला मात्र गायब. समोरच्या इमारतीत कुणाच्या तरी खिडकीशी उभी राहून लाल स्कार्फ बांधून विमान चालवणाऱ्या एका पोरीचं जपानी कार्टून बघायची. एकदा त्या घरातल्या बाईने तिच्या तोंडावर पडदा ओढला. पोरगी रडली नाही. वहिनी मात्र अशी पेटली की पुढचं वर्षभर टीव्हीसाठी पैसे साठवत, चपलेला टाके घालत राहिली, नवी घेतली नाही. मग वहिनीने टीव्ही घेतला. हातगाडीवरून मी आणला, मागून गल्लीतलं एक पोर ढकलत होतं. लाँड्रीतच ठेवला, कारण घरी वहिनी फक्त झोपायला जायची.

तिथलं वायरिंग जुनं. इस्त्री आणि टीव्ही एकदम लावले की फ्यूज उडायचा. म्हणून सहाला इस्त्री बंद. गल्लीतली सगळी पोरं येऊन बसायची. वहिनी त्यांच्याकडे पाठ करून कपड्यांवर पाणी शिंपडायची आणि सकाळसाठी त्यांच्या गुंडाळ्या रचायची. त्या कामाला वीज लागत नाही.

मालकाने एक दिवस टीव्हीच्या बाजूवर दुकानाचं नाव रंगवून घेतलं. जाहिरात होते म्हणाला. पुढे वहिनीचे गुडघे गेले, काम सुटलं, तेव्हा टीव्ही मागितला तर आज देतो, उद्या देतो, असं करत त्याने दुकानच दुसरीकडे हलवलं.

गेल्या महिन्यात त्या पोरांपैकी एक वहिनीच्या खोलीवर आला. लहानपणी सतत टोपी घालायचा म्हणून आम्ही त्याला टोपी म्हणायचो. आता टक्कल पडलंय. लाल स्कार्फचा गठ्ठा त्याने इस्त्रीला आणला होता. वहिनी अजून घरी थोडंफार काम घेते. त्या कार्टूनच्या आठवणीत सगळी जुनी पोरं हॉलमध्ये जमणार होती. तो स्टुलावर बसून रंगात आला. कुठल्या भागात कोण रडलं, शीर्षकगीत कोण बेसूर म्हणायचं, सगळं त्याला पाठ. मग म्हणाला, लाँड्रीच्या मालकांचा सत्कार ठेवलाय, केवढं मन त्यांचं, पोरांसाठी टीव्ही घेतला. तो टीव्हीही ते आणणार आहेत.

वहिनीने इस्त्री उभी केली. स्कार्फवर छापलेल्या पोरीच्या चित्राकडे बोट दाखवून विचारलं, "ही का ती?"

"काकू, तुम्ही रोज तिथेच होतात की."

"मी ऐकायची. बघायला सवड कुठे होती?" मग म्हणाली, "इस्त्री बंद असायची, ती का, हे तुमच्यातल्या एकाने तरी विचारलं? टीव्ही माझा होता."

तो हसला, मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, हातगाडी मी ओढली होती, तू मागून ढकलत होतास. त्याचं हसू गेलं. स्टेजवर तुमचाही सत्कार करू म्हणाला. वहिनी म्हणाली, सत्कार तुझ्याकडे ठेव.

पण कार्यक्रमाच्या दिवशी वहिनी मला घेऊन निघाली. हॉलमध्ये चाळिशीची माणसं गळ्यात लाल स्कार्फ बांधून शीर्षकगीत गुणगुणत होती. टेबलावर टीव्ही, शेजारी खुर्चीत मालक. त्याला बघूनच माझं डोकं तापलं. वहिनी गुडघे धरत स्टेजच्या पायऱ्या चढली. मालक हळूच म्हणाला, झालं गेलं सोडून द्या.

"तुम्ही टीव्ही सोडलात का?" ती म्हणाली. "भावजी, उचला."

मी एक बाजू धरली. दुसरी टोपीने धरली. मालक खुर्चीतून उठलासुद्धा नाही.

टीव्ही आता वहिनीच्या खोलीत आहे. चालत नाही. बाजूचं दुकानाचं नाव ती पॉलिश पेपरने घासत बसली. मी हात लावायला गेलो तर नको म्हणाली. तिच्या वर्षभराच्या बचतीचा टीव्ही, त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या घरात आला.