नैर्ऋत्येचा राजकुमार

माझा बाप्पावर राग होता. स्पष्टच सांगते, देवाशी आडपडदा कशाला. नागपूरला बाबांची बायपास ठरली होती आणि मी इथे अमेरिकेत, कॅरी गावात अडकलेली. व्हिसाचं एक्स्टेन्शन रखडलेलं. गेले तर परत येता येईल याची खात्री नाही, आणि नवरा, लेक दोघंही इथे. धाकटा भाऊ बाबांच्या उशाशी होता. "तू नको काळजी करू, तो आहे ना," आई फोनवर म्हणायची. तेच मला जास्त लागायचं.

त्यात गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या मुलांना गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे. कार्तिकेय मोरावर बसून पृथ्वीभोवती निघाला, गणपतीने आईवडिलांना प्रदक्षिणा घातली आणि जिंकला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी तर मोरावर बसून निघालेल्यांतली, आणि मोरही एच-वन-बी व्हिसाचा.

त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावर नवीन राहायला आलेली मेमचा, चुकून तिच्याकडे गेलेलं आमचं पार्सल द्यायला आली. मणिपूरची, मैतेई. चहाला थांब म्हटलं. चपला काढून ती कोपऱ्यातल्या रॅककडे वळली, थबकली आणि चपला दाराबाहेर ठेवून आली.

"अगं, रॅक आहे की," मी म्हटलं.

ती संकोचली. "दीदी, हा नैर्ऋत्येचा कोपरा. आमच्या घरात इथे सनामही नावाचा देव असतो."

आमचं देवघर वास्तूप्रमाणे ईशान्येला; नैर्ऋत्येला जड काहीतरी हवं म्हणून नवऱ्याने तिथे चपलांचा रॅक ठेवलेला. मी ओशाळले. सनामही कोण, विचारलं.

"राजकुमार. वडील म्हणाले, जगाला फेरी मारून आधी येईल त्याला गादी. थोरला सनामही निघाला. धाकट्याने आईचं ऐकून वडिलांच्या सिंहासनालाच फेरी घातली."

"पुढचं पाठ आहे मला. धाकटा जिंकला."

"हो. पण थोरला परत आला, खूप चिडला. तेव्हा वडिलांनी त्याला घराघरातलं राज्य दिलं. म्हणून तो आमच्या प्रत्येक घरात असतो."

मी रडले, नाक वाहेपर्यंत रडले. गेलेल्या मुलासाठीही बापाकडे काहीतरी राखलेलं होतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. बिचारी मेमचा घाबरली. मग तिला सगळं सांगितलं.

ऑपरेशन आमच्या पहाटे सुरू झालं, तेव्हा नागपुरात दुपार होती. रॅक हलवला, कोपरा पुसला. मेमचाने पाणी, फुलं, केळी मांडली आणि ती ऑफिसला गेली. मी काही न खाता, कुणाला न सांगता तिथेच बसून राहिले. एरवी मी देवाला सूचनाही देते, डॉक्टर कोणता हवा इथपर्यंत. त्या दिवशी काही सुचलंच नाही. "बाबा तुझे, मीही तुझी," एवढंच म्हटलं आणि मन निवांत झालं.

दुपारी भावाचा फोन आला. ऑपरेशन नीट पार पडलं होतं, बाबा शुद्धीवर आले होते. तो हसत होता. "ताई, डोळे उघडल्या उघडल्या काय म्हणाले माहितीये? आईला म्हणाले, पोरीला आधी वाढ, सकाळपासून उपाशी बसलीय. भुलीचा परिणाम गं."

असेलही. मी वाद घातला नाही. लांब जाणं आपल्या हातात असतं, लांब होणं नसतं, एवढं मला त्या क्षणी कळलं आणि फार बरं वाटलं. बाप्पाला, सनामहीला, दोघांनाही नमस्कार केला. मग उठले, गरम वरणभात वाढून घेतला आणि पोटभर जेवले. बाबांनी सांगितलं होतं ना.