केळीचा टेकू गाडीला

मंडळी, सकाळपासून खांदा शेकत बसलोय.

साइड स्टँडची स्प्रिंग ढिली झाली होती. गॅरेजला कशाला जायचं, म्हणून वाडीतच गाडी मेन स्टँडवर लावली आणि गाडी नि घराच्या भिंतीच्या मध्ये पाट टाकून बसलो. केळींना नुकतंच पाणी दिलेलं. ओल्या मातीत स्टँड रुतला आणि गाडी कलली ती माझ्याच खांद्यावर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तशी गत.

हाक मारली असती तर माडीवरून मुलगा आला असता. त्याने बजावलंय, “पप्पा, आता एकदा जरी पडलात तर गाडी विकून टाकीन.” म्हणून दात आवळून गप्प राहिलो.

शेवटी बायको आली. “काय हो, गाडीला मिठी मारून बसलात?”

“हळू बोल, तो ऐकेल.”

केळीच्या घडाला लावतो तो बांबूचा टेकू तिने हँडलखाली दिला, तेव्हा कुठे मी सरपटत बाहेर आलो.

“मी नाही सांगत त्याला,” ती म्हणाली. “पण पुढच्या वेळी मी बाजारात असले तर?”

गाडीखालून सुटलो, या प्रश्नाखाली अजून अडकलोय. मुलगा आपल्या या ग्रुपवर नाही. सांगू का त्याला?