त्या दुपारी नेट गेलं नव्हतं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. भावाजवळ नाही, जुन्या दोस्तांजवळ नाही, आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. तुम्ही समोर बसला असता तर आत्ताही मी विषय बदलला असता. पावसाचं विचारलं असतं, पुणे रोडच्या ट्रॅफिकचं काहीतरी बोललो असतो. लिहिताना तेवढी सोय नसते.

सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी आयटी सपोर्टचा मॅनेजर आहे. मॅनेजर म्हणजे काय, तर प्रिंटर अडकला, पासवर्ड विसरला, नेट गेलं की सगळ्यांनी ज्याच्या नावानं ओरडायचं तो माणूस. "तुमचं नेट गेलं" असंच म्हणतात – जसं काही ते मी घरून डब्यात आणतो. या कामात माणसाला एक खोड लागते. समोरचा खोटंच बोलतोय असं धरून चालायची. डिस्पॅचचे गायकवाडदादा कीबोर्डवर चहा सांडायचे आणि वर फोन करायचे, "साहेब, म्या कायबी केलं न्हाई, आपोआपच बंद पडलं बघा." मी हसायचो. पण तेच कान घेऊन संध्याकाळी घरी जायचो ना!

घर केडगावला. सुनंदाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, माहेर सोनईचं. लग्नाआधी ती शाळेत गणित शिकवायची. सई झाल्यावर तिनं नोकरी सोडली. सोडली असं मी लोकांना सांगतो. खरं तर रोज थोडं थोडं बोलून मी सोडायला लावली.

सई आठवीत होती तेव्हाची गोष्ट. जेवताना सुनंदा म्हणाली होती, "पुण्याजवळ वाघोलीच्या एका शाळेत गणिताची जागा आहे म्हणे. बघू का?" मी म्हणालो, "बघ की. जाताना माझा डबा कुठं ठेवून जाशील तेवढं सांग." सई हसली. सुनंदाही हसली. मग तिनं तो विषय काढलाच नाही.

आणि नंतर – मी घरात आलो की लॅपटॉपचं झाकण खाली यायला लागलं. फोन आला की ती गॅलरीत जायची, दार ओढून घ्यायची. आरशापुढं उभी राहून पुटपुटायची. एकदा विचारलं, कुणाशी बोलत होतीस? "बहिणीशी." मला पटलं नाही. मला तर गायकवाडदादांचंही पटत नव्हतं. रात्री ती शांत झोपायची, त्याचाही संशय यायचा – इतकी शांत झोप लागतेच कशी? कोण आहे? हा एकच प्रश्न घेऊन मी सुप्याला जायचो आणि तोच घेऊन परत यायचो.

घरचा लॅपटॉप कंपनीतून निघालेला जुना होता. त्यात आमचं सपोर्टचं सॉफ्टवेअर तसंच होतं. आम्ही त्याला रिमोट घेणं म्हणतो. आपल्या खुर्चीत बसून दुसऱ्याची स्क्रीन बघायची, त्याचा माउस आपण चालवायचा. घेण्याआधी त्या माणसाला विचारायचं असतं, आणि त्याच्या स्क्रीनवर कोपऱ्यात तशी पट्टीही दिसते. ती पट्टी मी लपवली. विचारलं नाही. ऑफिसात बसून बायकोची स्क्रीन बघू लागलो.

कोणीही नव्हतं.

वाघोलीच्या त्या शाळेची वेबसाइट होती. अपूर्णांकांचे नमुना पाठ होते, तिनं स्वतः केलेले. कॅमेरा लावून ती इंग्रजीतून स्वतःची ओळख करून द्यायची, अडखळायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. त्या शाळेची ऑनलाइन मुलाखत ठरली होती. वारही मला दिसला, वेळही.

तुम्हाला वाटेल, जीव भांड्यात पडला असेल. नाही पडला. कुणी माणूस सापडला असता तर निदान ओरडायला जागा होती. इथं कशावर ओरडणार? ती मला न सांगता, माझ्यावाचून काहीतरी करत होती, आणि ते तिला जमेल असं दिसत होतं. नोकरी मिळाली तर ती सईला घेऊन पुण्याला जाईल. मग येईल का परत? नक्की कशाला जातेय? म्हणजे माणूस नाही हे डोळ्यांनी बघूनही माझा संशय काही जाईना. त्यानं फक्त जागा बदलली.

मुलाखतीच्या दुपारी मी केबिनचं दार लावून बसलो. स्क्रीनवर तिघं जण होते आणि एका चौकोनात सुनंदा. मोरपंखी साडी, केस नीट बांधलेले. आवाज मला येत नव्हता. मधले गृहस्थ काहीतरी म्हणाले आणि ती मान मागं टाकून हसली. तसं हसताना मी तिला कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

मी तिच्या लॅपटॉपचं वाय-फाय बंद केलं. नुसतं बंद नाही – आतून, सेटिंगमधून, असं की वाय-फायचं चिन्हच गायब व्हावं आणि साध्या माणसाला ते परत सापडू नये. माझाही संबंध तुटला. माझ्या स्क्रीनवर तिचं ते हसू तसंच गोठून राहिलं.

लगेच फोन वाजला. तिचाच. अशा वेळी ती दुसऱ्या कुणाला करणार होती?

"अहो, नेट गेलंय. वाय-फायचं चिन्हच दिसत नाही."

"रिस्टार्ट करून बघ."

रिस्टार्टनं काही होणार नाही हे मला माहीत होतं. मी विचारलं, काय करत होतीस? ती म्हणाली, "काही नाही, एक रेसिपी बघत होते." मग म्हणाली, "फोनवरूनच बघू का?" फोनवरून तिला मुलाखतीत परत जाता आलं असतं. मी म्हणालो, "थांब, फोन ठेवू नकोस, मी सांगतो तसं कर." आणि सांगत राहिलो. राउटर बंद कर. चालू कर. दिवा हिरवा आहे का? वायर काढून परत लाव. कारखान्यात कुणाशी बोललो नसेन इतक्या शांतपणे, इतक्या प्रेमानं मी तिच्याशी बोललो. ती "हो, हो" म्हणत एकेक करत होती. शेवटी म्हणाली, "राहू दे आता."

संध्याकाळी घरी जाऊन मी ते चुटकीसरशी सुरू करून दिलं. सईनं टाळ्या वाजवल्या. सुनंदा म्हणाली, "माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असणार." मी म्हणालो, "होतं असं."

शाळेनं पुन्हा बोलावलं नाही. तिनं पुन्हा कुठं अर्ज केला नाही. अपूर्णांकांचे पाठ तिनं पुसून टाकले. हे कसं कळलं असं विचाराल – त्यानंतरही मी बघत होतो.

सई आता डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात तिची एका कंपनीची ऑनलाइन मुलाखत होती. सुनंदानं मला रजा घ्यायला लावली. म्हणाली, "तुम्ही घरात थांबा. ऐनवेळी काही बिघडलं तर माणूस हवा." मी बाहेरच्या खोलीत बसून राहिलो. काही बिघडलं नाही. सई उड्या मारतच बाहेर आली आणि मैत्रिणीला फोन करायला गच्चीवर पळाली.

सुनंदा चहा घेऊन आली. कप माझ्या हातात देत म्हणाली, "त्या वेळी तुम्ही घरी असता तर माझंही झालं असतं."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. तिला कळलंय का? कधीपासून? की सहज बोलली? काही समजेना. माणसांचा खोटेपणा ओळखण्यात माझं आयुष्य गेलं, आणि तिचा चेहरा मला वाचता येईना.

मी विचारलं, "कुठल्या वेळी?"

मग ती समोर बसली आणि तिनं मला सगळं सांगितलं – शाळा, साडी, ते तिघं जण, गेलेलं नेट. मी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा ऐकत राहिलो. मधे एकदा "अरेरे"सुद्धा म्हणालो.