तीन ऑगस्टचं पान

आमच्या दिनदर्शिकेत चूक दाखवा आणि बिस्किटांचा एक डबा फुकट न्या, असं तोर्कासा कंपनीनं एकदा जाहीर केलं होतं. माँटेव्हिडिओसारख्या शहरात, जिथं दुसऱ्याची चूक काढायला लोक जेवण सोडून उठतात, तिथं हा डबा कुणालाही द्यावा लागला नाही. त्याचं सगळं श्रेय एदेल्मिरा बेन्तान्कोरचं.

ही दिनदर्शिका म्हणजे रोज एक पान फाडायचं, तशी. दर पानावर त्या दिवशी कोण जन्मलं, काय घडलं, आणि शेवटी आमचं नाव. "आजच्या दिवशी बंदरावर विजेचा पहिला दिवा लागला. उजेडात नीट बघून घ्या, तोर्कासा बिस्किटं." हे सगळं तिनं लिहायचं आणि मी बाजूला चित्र काढायचं. एकोणीस वर्षं आमची टेबलं शेजारी होती. एवढ्या काळात ती कुणाच्या लग्नाला गेली नाही की तिच्याकडे कुणी आलं नाही. दुपारी एक उकडलेलं अंडं, येर्बाचा कडू काढा, आणि पुन्हा मान खाली.

एकतीस डिसेंबरला दुपारी रस्त्यावरच्या सगळ्या कचेऱ्या जुनी पानं खिडकीतून उधळतात. आम्हीही उरलेले गठ्ठे फाडून उधळायचो. एदेल्मिरा मात्र आधी त्यातलं एक पान काढून पर्समध्ये ठेवायची. दर वर्षी तीन ऑगस्टचंच.

"कुणाचा वाढदिवस हो, दोन्या एदेल्मिरा? जुनं प्रकरण दिसतंय!" मी चिडवायचो. दोन्या म्हणजे आमच्याकडे बाईसाहेब.

"तुझं चित्र बिघडलंय त्यावर. लोकांना दिसू नये म्हणून लपवते," ती म्हणायची.

मग दोन हजार पाच साली फाब्रिसियो नावाचा नवा साहेब आला. वय एकतीस, उत्साह उतू जात होता. शंभर, दीडशे, दोनशे वर्षं कुणाला होतायत ते शोधा आणि त्यावर माल खपवा, हे त्याचं धोरण. दिनदर्शिका चाळता चाळता तो थांबला.

"हे बघा! तीन ऑगस्ट एकोणीसशे पाच. बंदराच्या तारघरातली पहिली बाई, होविता तेचेरा, जन्मली. बातमी पोचली का? तोर्कासा बिस्किटं. अहो, शंभर वर्षं होतायत! हिचा चेहरा डब्यावर टाकू. वाल्देमार, लाग कामाला."

त्या पानावर मी आजवर नुसतं तारयंत्रच काढत आलो होतो, आणि होविता तेचेराचा फोटो कुठंच मिळेना. शेवटी मी एदेल्मिरालाच विचारलं. तिनं हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "लिहून घे." कपाळ अरुंद. डावी भुवई मधेच तुटलेली. केस ओले असल्यासारखे मागे चापून बांधलेले. बोटं सुजलेली, कातडीला भेगा, नखं झिजून अर्धी राहिलेली. पुस्तकात वाचून एवढं कुणाला माहीत असतं, असा प्रश्न माझ्या टाळक्यात तेव्हा यायला हवा होता. आला नाही. मी काढत गेलो आणि ती माझ्या खांद्यावरून बघत राहिली.

चित्र पाहून फाब्रिसियो म्हणाला, "चेहरा झकास. पण तारघरातल्या बाईचे हात असे? नाजूक कर जरा, बिस्किट धरल्यासारखे."

"हात तेच राहतील." एदेल्मिरा उठून उभी राहिली होती.

"दोन्या एदेल्मिरा, गिऱ्हाइकाला..."

"सोड्यानं तसे झालेत ते. तारघर वगैरे काही नव्हतं. माझी आई आहे ती. लोकांची धुणी धुवायची. तिला वाचताही येत नव्हतं."

मग तिनं सगळं सांगितलं. चौऱ्याहत्तर साली दुसरी एक बिस्किट कंपनी रेडिओवर सकाळी सातचा कार्यक्रम चालवायची आणि आमच्या नोंदी जशाच्या तशा ढापायची. आमचे तेव्हाचे मालक म्हणाले, एक खोटं नाव घाल, त्यांनी वाचलं की मानगूट धरतो. खोटं नाव सुचेना. आई त्याच वर्षी गेली होती, म्हणून जन्मतारखेसकट तिचंच माहेरचं नाव घातलं, तारघर पदरचं जोडलं. तीन ऑगस्टला रेडिओवर ते आलं. मालकांनी विचारलं, अडकले का? ती म्हणाली, नाही. पुढं दर वर्षी ते वाचत राहिले आणि ही नाहीच म्हणत राहिली.

"पण का?" फाब्रिसियोला खरंच कळत नव्हतं.

"तिचं नाव घेणारं माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं," ती म्हणाली. "वर्षातून एकदा तरी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायला मिळायचं."

फाब्रिसियो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त कुठं थांबायचं ते कळत नसे. डबा रद्द झाला. तीस वर्षांची चोरी सापडली या आनंदात त्यानं त्या कंपनीला खरमरीत पत्र धाडलं. एदेल्मिराला केक कापून नोकरीतून निरोप दिला. पत्राचं तिला सांगायची माझी छाती झाली नाही.

तीन ऑगस्टला, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, सकाळी थंडीत कुडकुडत मी तिच्या घरी गेलो. दोन खोल्या, टेबलाशी एकच खुर्ची. माझ्यासाठी तिनं आतून स्टूल आणलं. रेडिओ आधीच लावलेला होता. सात वाजले. एका कप्तानाचा जन्म झाला, एक पूल खुला झाला, त्यांच्या बिस्किटांचं नाव आलं आणि गाणं सुरू झालं.

एदेल्मिराचा हात रेडिओच्या बटणावर तसाच होता.

"वगळलं," ती म्हणाली.

मला माझीच लाज वाटली, आणि फाब्रिसियोचा असा राग आला की विचारू नका. मी घसा खाकरला आणि रेडिओवाल्यासारखा आवाज काढला.

"तीन ऑगस्ट एकोणीसशे पाच. आजच्या दिवशी होविता तेचेरा यांचा जन्म झाला. त्या लोकांची धुणी धुवायच्या."

ती माझ्याकडे बघत राहिली. डोळे भरले होते, पण कपाळावर आठी होती, माझं चित्र चुकलं की पडायची तीच.

"आणि?"

"आणि काय?"

"बिस्किटांचं नाव राहिलं."

"तोर्कासा बिस्किटं," मी म्हटलं.

मग तिनं रेडिओ बंद केला.